तीन बोटं प्लीहा

प्लीहाकाकांचं खरं नाव मेडिकल कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. उभं आयुष्य एका कचेरीची लिफ्ट चालवण्यात गेलं. माणसं आत यायची, मजला सांगायची आणि दाराकडे तोंड करून उभी राहायची. काकांकडे बघतो कोण! निवृत्तीनंतर डाव्या बरगडीखाली प्लीहा वाढल्याचं निघालं. डॉक्टर रक्ताचा आजार म्हणाले, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि काकांचं नशीबच फळफळलं. दरवर्षी परीक्षेला तपासायचा पेशंट म्हणून कॉलेजातून बोलावणं येऊ लागलं. पांढऱ्या कोटातली पोरं त्यांच्यावर वाकून विचारायची, "काका, दुखत नाही ना?" इतक्या अदबीने त्यांना सख्ख्या जावयानेही कधी विचारलं नव्हतं.

परीक्षेत पेशंटने आपला आजार सांगायचा नाही, असा नियम. तो नियम करणाऱ्याच्या पोटात परीक्षेच्या भीतीने कधी गोळा आला नसावा. परीक्षक पाठमोरे झाले की काका हळूच पुटपुटायचे, "प्लीहा. बरगडीखाली तीन बोटं वाढलीय." पोरगं सुटायचं.

यंदाही सकाळपासून तेच चाललं होतं. एकामागून एक पोरं आली, पोट चाचपल्यासारखं केलं, तीन बोटं म्हणाली आणि गेली. मग एक मुलगी आली. काकांनी तिलाही न विचारताच सांगून टाकलं. तिने मान हलवली आणि मुकाट्याने कामाला लागली. हात चोळून गरम केले. काकांना गुडघे दुमडायला लावले. पोटाच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्या बरगडीकडे हात सरकवत गेली. "श्वास घ्या काका. सोडा. परत घ्या." मग त्यांना उजव्या कुशीवर वळवून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"काका, मला लागत नाही."

"असं कसं? अगं, सकाळपासून सगळ्यांना लागली!"

"मला नाही लागत."

काकांनी तिचा हात धरून बरोबर जागेवर नेऊन ठेवला. तिथे आपलं मऊ पोट. तिथे उगाच दाबू नका, असं डॉक्टरांनी कधीकाळी बजावलं होतं, त्यामुळे त्यांनी स्वतः कधी हात लावला नव्हता. पँट हल्ली सैल होत होती खरी, पण वयाने वाळलो असं समजून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं होतं.

"मागच्या वेळी नापास झालेय मी," ती कुजबुजली. "खरं सांगा काका, आहे ना?"

आता काय सांगणार, कपाळ! आहे म्हणावं तर हाताला लागत नाही, नाही म्हणावं तर फायलीत आहे. असली तर ही पोर पुन्हा बुडणार. नसली तर आपल्याला इथे विचारतो कोण? आणि हे असलं नसलं बघायचं तरी कुणी, ज्याचं पोट त्यालाच पत्ता नाही!

"मला नाही गं माहीत," ते म्हणाले.

तेवढ्यात परीक्षक आले. "हं, काय सापडलं?"

मुलीने त्यांच्या हातातल्या फायलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "प्लीहा लागत नाही, सर."

"सगळ्यांना लागली आणि तुलाच नाही?"

"नाही सर. कुशीवर वळवूनही पाहिलं." शब्द तिने बदलला नाही.

सरांनी बाह्या सरसावल्या. दाबलं, पुन्हा दाबलं. काका छाती फुटेस्तोवर श्वास घेत होते. कुणासाठी घेत होते, मुलीसाठी की प्लीहेसाठी, ते त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं. सरांचा चेहरा हळूहळू उतरला. बिचारे! नुसती फाईल वाचून काकांना खाटेवर निजवलं होतं, हात कुणी लावला होता?

"बरोबर आहे तुझं," सर शेवटी म्हणाले. "गोळ्यांनी प्लीहा आक्रसलीय. पास झालीस, जा." मग दाराकडे वळून ओरडले, "सकाळच्या सगळ्यांना परत बोलवा!" आणि काकांकडे बघून हसले. "अभिनंदन काका. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. आता आमच्या परीक्षेच्या काही उपयोगाचे राहिला नाहीत तुम्ही."

काकाही हसले, कारण सर हसले होते.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी घरी बायकोला फोन लावला. लिफ्टच्या किल्ल्या परत केल्या होत्या त्या दिवशी वाटलं होतं तसंच आज वाटत होतं. बरं झाल्याचं वाईट वाटतंय, याची वर लाजही वाटत होती.

"अगं, ती प्लीहा लागत नाही आता. पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत मला."

पलीकडून हुंदका ऐकू आला.

"तू का रडतेस? रडायचं तर मी!"

"रोज पहाटे उठून बघत होते मी," बायको म्हणाली, "तुमचा श्वास चालू आहे ना ते. आणि तुम्ही आपले गावभर मिरवताय, तीन बोटं, तीन बोटं!"

"मग मला बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही इतके खूश असायचात ना," ती म्हणाली.