संत्र्याच्या बागेतला पितळी पंप

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. वडील उमरेडला मागावर बसत. नागपुरात मी शिकलो तो एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर राहून, त्यांच्याच घरी जेवून. शेतीची पदवी मिळाल्यावर कन्हानच्या अलीकडची आपली संत्र्याची बागही त्यांनी देखरेखीसाठी माझ्याकडे दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण पुढे जे वागलो, त्याला या उपकारांची सबब द्यायची नाही, एवढं ठरवून लिहायला बसलो आहे.

बागेत पाठीवर घेऊन फवारायचा एक विलायती पितळी पंप होता. तो चालवत एक म्हातारे माळी. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणायचो. पितळ पाठीला लागू नये म्हणून ते मधे बारदानाची घडी घेत. एका हाताने दांडा वरखाली करत आणि दुसऱ्या हाताने नळी फांद्यांच्या आत फिरवत. संध्याकाळी तीनदा स्वच्छ पाणी भरून पंप धुवायचे, मग नळीच्या टोकाची तोटी उघडून तिचं भोक बाभळीच्या काट्याने साफ करायचे. एकदा मी तार पुढे केली, तर म्हणाले, "तारेनं भोक मोठं होते साहेब. मंग फवारा नाही, धार पडते." हे माझ्या पुस्तकात नव्हतं. मला ते थोडं लागलंही होतं.

झाडांवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचो. मोरचूद लाकडी पिंपात विरघळवायचं, कारण लोखंडी बादली ते खातं. चुना वेगळा विझवायचा, दोन्ही एकत्र करायचं आणि पंपाच्या तोंडावरच्या बारीक जाळीतून आत ओतायचं. आमच्याकडच्या भट्टीच्या चुन्यात खडे फार. त्यामुळे जाळी दर दोन तांब्यांनी तुंबे, आणि पंप भरायला बराच वेळ लागे.

एके सकाळी मालक काटोलकडचे चार बागाईतदार घेऊन आले. त्यांना पंप दाखवायचा होता. पाहुणे उन्हात उभे, आणि जाळीतून पाणी काही उतरेना.

"बाबा, काढा ती जाळी."

"काहून काढता साहेब? खडे हायेत त्यात."

"लोक ताटकळले आहेत," म्हणत, मालक पाहुण्यांना झाडं दाखवायला वळले तेवढ्यात मीच जाळी उपसून बाजूला ठेवली आणि लाकडी बादलीतलं पाणी सरळ आत ओतलं.

बाबांनी पंप पाठीवर घेतला. पहिल्या झाडावर छान धुकं पडलं. दुसऱ्या झाडापाशी तोटीतून थेंब गळू लागले, आणि मग तेही थांबले.

"काय शेटजी," एक पाहुणा म्हणाला, "विलायती पंपाले पडसं झालं वाटते!"

"आमच्याकडं बाया लोट्यानं शिंपडतात," दुसरा म्हणाला. "त्यायले अशी बिमारी होत नाही."

सगळे हसले. मालक हसले नाहीत. बाजूला पडलेली जाळी पाहून त्यांनी विचारलं, "जाळी कोणं काढली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची पाळी माझी आहे, एवढंच त्या पाहण्यात होतं.

"बाबांनी," मी म्हणालो.

"बुढ्याच्या हाती मशीन देता काहून गा? उद्यापासून नव्या कलमांचे खड्डे खोदायले लावा याले."

बाबांनी पंप उतरवला, बारदान झटकून घडी केलं, काखेत मारलं आणि निघून गेले.

पंप दुसऱ्या माणसाकडे गेला. तो विटाळ मानून चामड्याला हात लावत नसे, आणि पंपाच्या आतलं दाब धरणारं वायसर, म्हणजे वॉशर, चामड्याचं. त्याला कुणी तेल दिलं नाही. महिन्याभरात दांडा पोकळ चालू लागला, दाब धरेना. मी उघडून पाहिलं, तर वायसर पापडासारखं वाळलेलं. खरं सांगायचं तर मीही ते कागदात धरूनच बाहेर काढलं. झाडांच्या बुंध्यांवर रोगाचा डिंक दिसू लागला होता, फवारणी थांबवून चालणार नव्हतं. शेवटी खड्ड्यांकडे गेलो.

"बाबा, पंप दाब धरत नाही."

"वायसर सुकलं असंन."

हातपाय धुऊन ते लगेच आले. वायसर एरंडीच्या तेलात बुडवून ठेवलं. "रॉकेल लावाचं नाही. कडक होते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते अंगठ्याने गोल गोल चोळत बसले. "याचा काठ बाहेर फाकला पाहिजे, साहेब. आत वळला का हवा पळते." मग बसवलं, पाणी भरलं आणि दांडा मारला. तोटीतून असं बारीक धुकं निघालं की बाबा स्वतःच हसले.

हसता हसताच म्हणाले, "मंग उद्यापासून मी घेऊ का पंप?"

"मालकांना विचारतो."

"विचारा. जाळीचं काही सांगू नका पाहिजे तर. नुसतं म्हणा, बुढ्याले येते."

मला खरं सांगायचीही गरज त्यांनी ठेवली नव्हती. दोन शब्द पुरेसे होते.

मालक त्याच आठवड्यात आले. पंप चालताना पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पाहा, शिकलेला माणूस असला का मशीन आयकते." समोर तो दुसरा माणूस फवारत होता. मी तोंड उघडलं.

"आपली कृपा," म्हणालो.

मालक विहिरीकडे वळले, मीही त्यांच्यामागे गेलो. तेवढ्या वाटेतही बोलता आलं असतं. मी मोटेच्या नव्या दोराबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पंपाच्या खोलीपाशी उभे होते. काखेत बारदान होतं. मी म्हणालो, "मालक घाईत होते, बाबा." ते "बरं" म्हणाले आणि कुदळ घ्यायला गेले. त्यानंतर खड्ड्यांचं काही सांगायचं असलं की मी स्वतः न जाता मुकादमाला पाठवू लागलो.