झोपेतलं माप

तुर्भ्यात गाद्या शिवणारा दत्तू मापाच्या बाबतीत भारी हट्टी. क्षिप्रा मॅडमनी गादीसाठी आपल्या म्हाताऱ्या, पंचेचाळीस किलोच्या मोदक नावाच्या कुत्र्याचं माप फोनवर सांगितलं, तर तो उखडलाच. "उभ्या कुत्र्याचं माप काय कामाचं? झोपू दे त्याला. मी येतो."

रविवारी दुपारी तो त्यांच्या फ्लॅटमध्ये फरशीवर बसून राहिला. मोदकनं झोपेत पाय ताणले, तेव्हा कुठे त्यानं टेप काढली. मॅडमनी आधी आणलेल्या गुबगुबीत गादीवर त्यानं स्वतःचा गुडघा रोवला, तर तो थेट फरशीला टेकला. "याची कोपरंपण अशीच टेकतात. मी कडक फोम घालतो, वर जाड कॅनव्हास."

आठवड्यानं नव्या गादीवरून मोदक न कण्हता उठला. मॅडमचे डोळे भरून आले.

दत्तू खुशीत घरी आला. त्याची बायको जाईबाई चटईवर पडली होती. त्याची चाहूल लागताच ती भिंतीला धरून, कण्हत उठायला लागली. तीस वर्षं गाद्या शिवणाऱ्याच्या घरात चटई होती, आणि ती त्याला आज दिसली.

"उठू नको," तो हळूच म्हणाला. "पाय ताण जरा."

आणि त्यानं खिशातली टेप काढली.