फिल्टरातून आलेलं उंबराच्या आडाचं पाणी

मी भानामतीच्या मुलखातला माणूस. पण लिंबू-बिब्बे, अंगात येणं, बाहेरची बाधा... यातलं काहीबी मी जिंदगीत मानलं न्हाई. तिठ्यावर उतरून टाकलेला नारळ मी घरी आणून फोडलाय अन् त्याची चटणी भाकरीसंगं खाल्लीय. आमच्या हिनं त्या दिवशी माझ्या ताटाकडंबी बगितलं न्हाई. मला काही झालं न्हाई. शाळा माझी चौथीपर्यंत, अक्षर लावून लावून लिहून राहिलो. पण डोकं ठिकाणावर हाय, हे आधी सांगतो. मग पुढचं वाचा.

गाव माझं अर्धापूरकडं, केळीचं रान. बायकोचं, म्हणजे गिरजाचं माहेर जळकोटकडलं एक खेडं. मला एका गोष्टीचा गुमान हाय — पाण्याचा. घोटभर तोंडात धरला की कुणाच्या विहिरीचं पाणी ते सांगतो. गावात लोकांनी डोळे बांधून पैजा लावल्या, मी हरलो न्हाई.

गिरजाला बगायला गेलो तवा आधी तांब्या आला. तिच्या बापाच्या अंगणात आड होता, आडावर उंबर वाकलेला. उंबरं पाण्यात पडायची. पाणी गोड, अन् गिळल्यावर मागून उंबराचा बारीक वास. मी सासऱ्याला म्हणलं, "पाणी झकास हाय." पोरगी कशी हाय ते बोललोच न्हाई. त्यावरून ही जन्मभर टोमणा मारायची —

"तुमी मला बगून कुठं केलं? आड बगून लगीन केलं तुमी."

"मग काय वाईट झालं?"

"आडाचं चांगलं झालं, माझं काय ते मला ठावं."

तिचा एकुलता भाऊ मागंच गेला. त्याला लेकरूबाळ न्हाई. भावजय तिच्या भाच्याकडं निघून गेली, घर पडलं. मग रस्ता रुंद झाला, त्यात उंबर तोडला अन् आड मुरूम टाकून बुजवला. माहेर म्हणावं असं काही उरलं न्हाई.

गिरजाची तब्येत बिघडली तवा लातूरला पोराकडं आलो. पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं लई इलाज केला, शेवटी पोराला बाजूला घेऊन म्हणला, घरी न्या, खाऊ वाटंल ते द्या. पण खायचं राहू द्या, तिला पाणीच जाईना. तोंडात घेतलं की थुंकायची. "कडू लागतंय," म्हणायची. पोराच्या टाकीत बोअरचं पाणी, ते खारं. भांड्यावर पांढरं पुट चढतं. जारचं आणलं, बाटलीचं आणलं, आमच्या रानातलंबी आणलं. सगळं कडू.

मग सुनेनं मोबाईलवरून तो फिल्टर मागवला. नळाच्या तोंडाला बसवायचा, पांढरा डबा. त्याला एक खिटी. खिटी उजवीकडं केली की पाणी फिल्टरातून येतं, डावीकडं केली की सरळ नळाचं. मी म्हणलं, "नळाला टोपडं घातलंय का काय? बाळंत झाला का नळ?"

"मामा, तुमी नका पिऊ. आत्याबाईसाठी आणलाय," सून म्हणली.

गिरजा तवा भिंतीला धरून चालायची. ती उठली, माझ्या जुन्या धोतराचं फडकं घेतलं अन् फिल्टरच्या तोंडाला बांधलं. आमच्याकडं नळाला फडकं बांधल्याशिवाय पाणी भरत न्हाईत.

"आत्याबाई, फिल्टरलाबी फडकं?"

"असू दे बाई. यंत्राचा काय भरवसा, घरचं माणूस असलेलं बरं."

सून हसली, पण फडकं तसंच ठेवलं. मी पाणी चाखून बगितलं. टाकीचा वास तेवढा गेला होता, खारेपणा तोच. गिरजानं एक घोट घेतला अन् थुंकला.

एका दुपारी ती मला म्हणली, "बाई गेली की माहेराहून लुगडं येतं. त्याशिवाय उचलत न्हाईत. माझं कोण आणणार हो?"

"मी आणतो की."

"तुमी सासरचे. तुमचं कसं चालंल?" मग म्हणली, "लुगडं जाऊ द्या. आडाचं घोटभर पाणी मिळालं असतं तर बास होतं."

आड बुजलाय हे तिलाबी ठावं होतं अन् मलाबी. तरी सकाळी मी कॅन घेतला अन् यष्टीत बसलो. पोरगा म्हणला, "अण्णा, काय करून राहिलात? तिथं काय हाय आता?" मी ऐकलं न्हाई. मी कुणाचं ऐकत न्हाई.

तिथं डांबर. आड कुठं होता ते सांगायला खूण न्हाई. शेजारचा एक जण, गिरजाच्या भावाच्या बरोबरीचा, मला वळखून जवळ आला. ऐकून घेतलं अन् म्हणला, "दाजी, आमच्या बोअरचं न्या भरून. भुई तर तीच हाय. अक्काला आता काय कळतंय?"

"तिला कळंल न कळंल. मला कळंल की."

मी रिकामा कॅन घेऊन माघारी फिरलो. त्या कॅनचं झाकण मी उघडलंबी न्हाई, हे ध्यानात ठेवा.

घरी आलो तर गिरजा जागी. "आणलं?"

किचनमधी गेलो. काहीतरी हातात न्यायचं म्हणून खिटी उजवीकडं केली, फुलपात्र भरलं, तिला मानेखाली हात देऊन ओठाला लावलं. थुंकायला वाटी उशाशी होतीच.

ती थुंकली न्हाई. एक घोट गेला. दुसरा गेला. गटागटा प्याली, पाणी गळ्यावर सांडलं.

"आणलंत की," म्हणली. "उंबरं लई पडलीत का औंदा? वास येऊन राहिला."

मी म्हणलं, "गिरजा, हे नळाचं हाय."

तर ती हसली. लई दिवसांनी हसली. "खोटं बोलाया कवा शिकलात तुमी?"

फुलपात्रात बुडाला थोडं उरलं होतं. मी तोंडात घेतलं.

आता काय सांगू... ते त्या आडाचं पाणी होतं. तेच गोड, अन् गिळल्यावर मागून उंबर. सुनेला हाक मारली, तिला काही न सांगता भरून दिलं.

"मामा, गोड कसं काय लागतंय? अन् कसला तरी वास... अंजिरासारखा." त्या पोरीनं तो आड कधी बगितला न्हाई.

खिटी डावीकडं केली — खारं. उजवीकडं केली — उंबराचं. लई येळ मी ती खिटी फिरवत उभा होतो. संध्याकाळी पोरानं फिल्टर खोलला. आत कोळशासारखा काळा भुगा अन् जाळी, दुसरं काही न्हाई. फडक्याचं म्हणाल तर तसलंच फडकं मी बाहेरच्या नळाला बांधून बगितलं. खारंच आलं.

गिरजा गेली तोवर पोटभर पाणी पीत होती. जेवण सुटलं होतं, पण पाणी मागून प्यायची. मला म्हणायची, "तुमीबी घ्या, लगीन ज्याच्याशी केलं ते हाय."

एका सकाळी, सून दारात सडा टाकून राहिली होती तवा, तिनं माझ्याकडं बगितलं. मी वळखलं. तुळशीचं पान बुडवून त्याच पाण्याचा घोट दिला. तो आत गेला. पुढचा गालावरून खाली आला.

बायका जमल्या. आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मग एकीनं विचारायचं ते विचारलं, "माहेराहून कोण आलंय? माहेरचं लुगडं?"

दुसरी म्हणली, "कुणीतरी भाऊ म्हणून उभं राहा, आणून टाका दुकानातून. रीत तर करावी लागंल."

मी म्हणलं, "भाऊ उभा करू नका. माहेराहून आलंय."

किचनमधी गेलो अन् फिल्टरचं फडकं सोडलं. ओलं होतं. नाकाला लावलं — उंबर. ते आणून तिच्या छातीवर पसरलं.

"अवं अण्णा, धोतराचं फडकं ते," एक म्हातारी म्हणली. "सासरचंच की ते. असलं इपरीत कुणी करत असतं का?"

"मी करतो. उचला आता."

पोरगा मधी पडला न्हाई. त्यानं खांदा दिला, मी दुसरीकडून दिला. फडकं तिच्यासंगं गेलं.

घरी येऊन मी खिटी उजवीकडं केली. खारं. त्या दिवसापासून खारंच.

पोरगा म्हणतो, अण्णा, जमिनीखाली झरे कुठून कुठं जातात कुणाला ठावं. मग डाव्या बाजूला खारं अन् उजव्या बाजूला गोड कसं? एक ओळखीचा म्हणला, दुःखात जिभेला भास होतो. सुनेच्या जिभेलाबी झाला का? उगाच जुळवून सांगणारा मी न्हाई. तुमच्यापैकी कुणाला कळत असंल तर लिहा, पण देवाचं नाव घेऊन लिहू नका. देव असता तर तिला वाचवलं असतं, पाणी कशाला पाठवलं असतं?

फिल्टरच्या आतलं ते काळं बदलायची येळ झालीय, सून म्हणती. मी हात लावू देत न्हाई. धोतराचं दुसरं फडकं बांधलंय, गाठ तिच्यासारखी येत न्हाई. सकाळी उठलो की चूळ भरायच्या आधी खिटी उजवीकडं करतो, घोटभर तोंडात धरतो, डोळे मिटतो.

आज सकाळीबी खारंच होतं.