दारापाशी नेलेला फोकस

आमच्या महालक्ष्म्या पुंडलिकनगरच्या घरी बसतात. ज्येष्ठेला साडी मी नेसवायची आणि कनिष्ठेला धाकट्या जावेनं, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या की, आता त्यांच्यानं देखरेख होत नाही, पुढच्या वर्षीपासून दोघींना नेसवायचा मान एकीलाच देणार. कुणाला, ते हळदीकुंकू झाल्यावर सांगणार. मी थोरली. मला वाटलं, यात सांगायचं काय उरलंय?

पण बायका यायला लागल्या आणि जी ती कनिष्ठेपुढंच थबकायला लागली. निऱ्या काय सुरेख, पदर काय देखणा! माझ्या ज्येष्ठेला नुसतं कुंकू लावायचं आणि पुढं सरकायचं. माझा तिळपापड झाला. जाऊ तिथंच उभी होती, पण चेहरा असा, जणू काही ऐकूच येत नाही. असली साधी माणसं माझ्या लई डोक्यात जातात.

मग मला दिव्याचा फोकस दिसला. दिरांनी तो कनिष्ठेपासून हातभरावर लावला होता. माझी ज्येष्ठा फोकसपासून दोन हात लांब. मी शाळेत विज्ञान शिकवते. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. म्हणजे बायकोच्या देवीला सगळा उजेड आणि वहिनीच्या देवीला पाव! बरी सोय लावली होती.

मी फोकस उचलला आणि थेट दारापाशी नेऊन ठेवला. दीर बघत राहिले, तेव्हा त्यांना समजावलं की, एवढ्या लांबून हातभराचा फरक जाणवत नाही, दोघींवर सारखाच उजेड पडतो. सासूबाईंनाही पटलं. जाऊ वायर सरळ करून गेली. उजेड जरा मंदावला, पण दोघींचे चेहरे सारखे दिसायला लागले. मी पदर सावरून ऐटीत बसले.

तेवढ्यात चिकलठाण्याहून माझी सख्खी बहीण आली. दोन्ही देव्या तिनं निरखून पाहिल्या आणि कनिष्ठेकडं बोट केलं.

"ताई, ही तूच नेसवलीस ना गं? त्या दुसरीच्या निऱ्या बघ की, किती फुगल्यात."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हळदीकुंकू संपायचीही वाट पाहिली नाही.

आता दरवर्षी दोघींना जाऊच नेसवते. मी खाली बसून तिच्या हातात टाचण्या देते आणि खरं सांगते, अजूनही जळते.