दोनचा प्रोसेसर घेऊ की दोन पॉइंट चारचा?

मंडळी, आज मी पुरती गोंधळलेय.

भाऊ दुबईत असतो. सकाळी त्याने वेबकॅमवर आठ दिवसांची लेक दाखवली. अम्मी नातीला पहिल्यांदाच बघत होती, आणि चित्र थिजलं.

आमचा कॉम्प्युटर जुना. सीपीयूचा डबा उचलून मी भोरहून एसटीने कापूरहोळ गाठलं. दुरुस्तीवाल्या काकांनी दोन वापरलेले प्रोसेसर पुढे ठेवले, एक २.४ गिगाहर्ट्झ वेगाचा, एक २.० चा. मी अर्थातच मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ताई, आकड्याला भुलू नका. ह्या दोनवाल्याची कॅश मोठी हाय. ह्योच लई पळतो."

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी, हे मला आजच कळलं!

मग काकांनी विचारलं, "पण नुसतं चित्र अडतं, का आवाजबी? आवाजबी अडत आसंल तर दोष नेटच्या लायनीचा. प्रोसेसर बदलून उपेग न्हाई."

मला आठवेना. अम्मीला फोन लावला.

"आवाज कुणी ऐकला गं? म्या तर पोरीकडंच बघत हुते."

शेवटी दोनचाच बसवून आणलाय. बरोबर केलं का, देव जाणे. भाऊ उद्या पुन्हा ऑनलाइन येईल.

खरं सांगा, अशा वेळी आवाजाकडे तुमचं तरी लक्ष गेलं असतं का?