एकच दार, तीन कॉम्प्युटर आणि भाऊ

किरणचा फोन आला तेव्हा मी रावेरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते. तिला बोलायची उसंतही न देता मी सुरूच झाले, "अगं, भाऊंना सांग, आज केळीचे सतरा शब्द मिळाले! सतरा! घड उतरवणाऱ्या एका अक्कांनी तर नुसता पाऊस पाडला..." मग ती म्हणाली, "मावशी, पप्पा गेले. सकाळीच." मी तरीही मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" मला घरात तोंडाळ म्हणतात ते उगीच नाही.

अशोकभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जळगावच्या पिंप्राळ्यात राहणारे, आणि आपल्या खान्देशी बोलीतले शब्द गोळा करायच्या नादाने पुरते झपाटलेले. माझं तिथेच जवळ डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, स्मरणिका असली कामं. एक दिवस वह्यांचं बाड घेऊन ते दुकानात आले. "ताई, हे बठ्ठं, सगळंच्या सगळं, कॉम्प्युटरात घ्यायचंय. फक्त एक अट शे. प्रत्येक शब्दाला एक वाक्य पाहिजे, आणि ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं पाहिजे. मनानं रचलेलं चालणार नाही." मी म्हटलं, "मग झालंच! जन्म जाईल यात." तर म्हणतात, "जाऊ द्या की. दुसरं काय काम शे?" सोबत त्यांची लेक किरण होती. तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "हाई मनी आंडेर शे. तुमच्यापेक्षा फास्ट टाइप करते." मी चिडले, आणि त्याच चिडण्यात काम घेऊन बसले.

काम चाले भाऊंच्या पुढच्या खोलीत. माझा मॅक, किरणचा विंडोजचा लॅपटॉप आणि भाऊंनी स्वतः जोडलेला, लिनक्सवर चालणारा खोका. तिघांच्या तीन तऱ्हा! सुरुवातीला पेनड्राइव्हवर फाइल इकडून तिकडे फिरायची. 'शब्द नवीन', 'शब्द अगदी नवीन', 'शब्द हीच खरी'... यातली खरी कुठली, यावरून रोज भांडण. शेवटी भाऊंनी एक जुना सीपीयू झटकून कोपऱ्यात, बुद्धमूर्तीच्या फळीखाली मांडला आणि जाहीर केलं की आता फाइल एकच, ती इथेच राहील, तिघांनी इथूनच उघडायची.

पण उघडायची कुठल्या रीतीने? फायलींच्या देवाणघेवाणीच्या या ठरलेल्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात, आणि त्या एका निवडीवरून आम्ही अख्खा आठवडा कचाकचा भांडलो. अहाहा, काय दिवस होते ते! मी मॅकवाली, मला मॅकच्याच एएफपी नावाच्या रीतीची सवय. भाऊ म्हणाले, त्याला आता त्याच्या घरचेसुद्धा विचारत नाहीत. मग मी एनएफएसवर अडून बसले. लिनक्सला तो घरचा, माझ्या मॅकलाही चालतो, आणि पळतो कसा! किरणच्या विंडोजशी मात्र त्याचं सूत काही जमेना. उरला एसएमबी. मूळचा विंडोजकडचा, पण तिघांनाही येतो. मी हट्टाने घड्याळ लावून फोटोंचं फोल्डर एनएफएस आणि एसएमबी अशा दोन्ही रीतींनी पाठवून दाखवलं. "बघा, बघा किती फरक पडतो!" भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, शर्यत नाही लावायची आपल्याला. मला एवढंच सांगा, एक जण लिहीत असला तर दुसऱ्याला ते कळतं का?"

मला कुठला धीर! इतकी भुणभुण लावली की भाऊंनी त्याच फोल्डरला दोन दारं ठेवली: त्यांना दोघांना एसएमबी, मला एकटीला एनएफएस. आणि व्हायचं तेच झालं. भाऊ आदल्या दिवशी दिवसभर सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या एका आबांकडे बसून आले होते. भांड्याच्या काठांचे, ठोक्यांच्या आवाजांचे शब्द सकाळपासून फाइलमध्ये भरत होते. तीच फाइल माझ्याकडेही उघडी. एकाने फाइल उघडली की ती दुसऱ्यासाठी कुलूपबंद व्हायला हवी, पण एका दाराने लावलेलं कुलूप दुसऱ्या दाराने आलेल्याला दिसलंच नाही. त्यांनी सेव्ह केलं, मग मी सेव्ह केलं, आणि आबांचे सगळे शब्द पुसले गेले. वहीत नुसत्या खुणा होत्या, वाक्यं नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ मात्र चप्पल शोधत म्हणाले, "चला ताई, तुम्ही पण या. धुळ्याची बस मिळेल." सोनगीरला भाऊंना परत आलेलं पाहून आबांनी हातोडा खाली ठेवला, "परत उनात? मी तं बठ्ठं सांगी दिन्हं!" आणि एकदा सांगून झालेलं सगळं पुन्हा सांगितलं, वर चार शब्द जास्तीचे.

परत आल्या आल्या मी माझं दार स्वतःच्या हाताने बंद केलं. सगळ्यांना एसएमबी, आणि लिहायचा प्रोग्रामही तिघांचा एकच. आता एकाने फाइल उघडली की तिच्या शेजारी त्याच्या नावाची कुलपाची चिठ्ठी तयार व्हायची, फाइल बंद केली की आपोआप जायची; तोवर दुसऱ्याच्या पडद्यावर सूचना यायची: अमुक व्यक्तीने फाइल उघडलेली आहे. भाऊंनी आपल्या नावाच्या जागी काय भरावं? 'भाऊ लिखी ऱ्हायना'. भाऊ लिहितोय! पहिल्यांदा ते पडद्यावर उमटलं तेव्हा मी आणि किरण टाळ्या पिटत ओरडलो होतो. पुढे मी घाईघाईने फाइल उघडायला जावं आणि ती पाटी दिसावी, की निमूट चहा टाकायला उठायचं, हा नियमच झाला.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर पंधराएक दिवसांनी मी त्या खोलीत गेले. केळीचे सतरा शब्द पर्समध्ये तसेच होते. मॅक लावला, फाइलवर क्लिक केलं... आणि पडद्यावर पाटी. भाऊ लिखी ऱ्हायना. किरणने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "त्या दिवशी लिहितानाच पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेताना मी फाइल बंद न करताच मेन स्विच बंद केला. कुलपाची चिठ्ठी फाइलशेजारी तशीच राहिली असेल." चिठ्ठी काढल्याशिवाय पुढे एक अक्षर लिहिता येणार नव्हतं, आणि ती काढायला आम्हा दोघींचा हात धजेना. म्हणून आधी फाइल नुसती वाचायला उघडली. नात्यांच्या शब्दांपाशी भाऊ थांबले होते. शेवटचा शब्द 'आंडेर'. अर्थ: मुलगी. वाक्याची जागा रिकामी.

ऐकलेलंच वाक्य पाहिजे ना? ऐकलं होतं मी! माझ्याच दुकानात, माझ्याच कानांनी. किरणला म्हटलं, "काढ ती चिठ्ठी." तिने काढली आणि डोळे पुसत आपल्या लॅपटॉपपाशी जाऊन बसली. मी प्रोग्राममध्ये माझ्या नावाच्या जागी थोडा बदल केला, फाइल उघडली आणि रिकाम्या जागेत लिहिलं: 'हाई मनी आंडेर शे.' बोलणारे, अशोकभाऊ, पिंप्राळा.

तेवढ्यात किरण पलीकडून ओरडली, "मावशी! मी फाइल उघडतेय तर परत तेच येतंय! 'भाऊ लिखी ऱ्हायना'! आपण चिठ्ठी काढली ना?"

"काढली," मी म्हटलं. "तू चहा टाक. अजून सतरा शब्द लिहायचे आहेत."