नानीबाई डोंगर उतरली

पोहरादेवीजवळच्या तांड्यावरची नानीबाई दरसाल दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. एका वर्षी मुकादम भाऊसिंगानं उन्हाळ्यात नेपाळातल्या रस्त्याच्या कामाची खबर आणली. नवरा हेमसिंग एकटाच जायला निघाला. "तिथं तुमाले भाकर कोन देईन?" एवढंच नानीबाई बोलली आणि तिनं ज्वारीचं पीठ बांधून घेतलं.

काली गंडकीच्या खोऱ्यातून जीप वर चढू लागली तशी झाडं मागे पडत गेली. बर्फाचा डोंगर म्हणजे पाणीच पाणी, असं नानीबाईला वाटलं होतं. पण पावसाचे ढग अलीकडच्या शिखरांनाच अडायचे. पलीकडे सगळं उघडंबोडकं, वैशाखातल्या बरड रानासारखं. वितळत्या बर्फाचा ओहळ जिथं वळवलेला, तिथं तेवढं जवाचं शेत हिरवं. दुपारी असा वारा सुटे की चूल पेट धरत नसे, आणि डाळ तर शिजायचं नावच घेईना. शेजारी पासांग नावाची बाई चहाचं दुकान चालवायची. तिनं हसत आपला कुकर दिला. दोघींची हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे चांगलं जमलं.

काही दिवसांतच हेमसिंगचं डोकं दुखू लागलं. मग जेवण सुटलं, खोकला लागला. एका सकाळी तो बसल्या जागी धापा टाकू लागला, ओठ निळे पडले. दरडीनं रस्ता बंद आहे, उद्यापर्यंत आराम पडेल, असं भाऊसिंग म्हणाला. पासांगनं हेमसिंगच्या छातीला कान लावला. इथली हवा विरळ, नव्या माणसाच्या छातीत पाणी भरतं, ती म्हणाली; खाली न्यायचं, तेही आत्ताच.

वरच्या देवळाकडे यात्रेकरूंना नेणारं आपलं तट्टू तिनं बाहेर काढलं. ती लगाम धरून पुढे, नानीबाई नवऱ्याची कंबर धरून बाजूला. दरडीपाशी दोघींनी त्याला उतरवलं आणि खांद्यांचा आधार देत दगडांतून पार नेलं; मग पासांगनं तट्टू आणून त्याला पुन्हा बसवलं. वारा सुटला तेव्हा नानीबाईनं पदरानं त्याचं तोंड झाकलं.

"नाने, मले इथंच ठेव," तो म्हणाला. "तू थकून राह्यली."

"बोलू नोका. तुमी फक्त श्वास घ्या. चालाचं मी पाह्यतो."

जसजसे ते खाली आले तसतशी त्याची धाप कमी होत गेली. नदीकाठच्या गावात दवाखाना होता, तिथं त्याला ऑक्सिजन लावला. दिवस कलताना हेमसिंगनं आधी पाणी मागितलं, मग भाकर. तेव्हा कुठं नानीबाईला रडू आलं.

डॉक्टरांनी पुन्हा वर जायला मनाई केली. पासांगच्या भावाची खाली सफरचंदाची बाग होती; फळं उतरेपर्यंत दोघं तिथंच राबली. काम संपलं की नदीपात्रात बसायची. हेमसिंग शाळिग्राम शोधायचा आणि नानीबाई उन्हात पिवळं होत जाणारं शिखर बघत राहायची.

परतताना भावानं पोतंभर सफरचंदं दिली. वाशीमला येईस्तोवर निम्मी दबली होती. उरलेल्यांची तांड्यावर घरोघरी एकेक फोड वाटली गेली.

पूर्वी बाजाराला जाताना हेमसिंग चार पावलं पुढे असायचा. आता तो नानीबाईच्या बाजूनं चालतो. कोणी विचारलं तर सांगतो, गुडघे दुखतात.